तीन हजारांत एक की दहांत एक? ओपिऑइडच्या धोक्याचे आकडे वाचताना

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. तिचे गुडघे सहा-सात वर्षं दुखतायत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांमध्ये एक ट्रॅमाडॉल आहे, आणि शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं की ही अफूच्या जातीची गोळी, हिची सवय लागते. तिचा प्रश्न अगदी सरळ होता. "अगं, तू एवढी पीएच.डी. करतेयस ना, मग एवढंच सांग. ही गोळी घेऊन मला व्यसन लागेल का नाही?"

मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही. तिला एवढंच म्हटलं की गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, मी वाचते आणि सांगते. मला वाटलं तासाभराचं काम आहे. एक चांगला पेपर शोधायचा, त्यातला आकडा काढायचा, फोन करायचा. त्यात दोन आठवडे गेले. आकडे भरपूर सापडले. एक म्हणतो साधारण तीन हजारांत एकाला व्यसन लागतं, दुसरा म्हणतो दहांत एकाला. दोन्ही नामांकित नियतकालिकांत छापलेले, आणि दोन्हींपैकी एकही बनावट नाही.

तुमच्यापैकी बरेच जण नेट किंवा पेटच्या पलीकडे जाऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसले असाल. लिटरेचर रिव्ह्यू करताना असे एकमेकांशी न जुळणारे आकडे तुम्हालाही भेटणार आहेत. तेव्हा काय करायचं, हे या एका विषयावर आपण करून बघू. माझ्याकडे चारच प्रश्न आहेत: कोणावर, किती काळ, कशाच्या तुलनेत, आणि नेमकं काय मोजलं. प्रश्न शाळकरी वाटतील. पण जुनाट वेदनांसाठी ओपिऑइड द्यायची की नाही या वादात, माझ्या मते, दोन्ही बाजूंची मोठी चूक हेच प्रश्न न विचारल्यामुळे झाली आहे.

पाच वाक्यांचं पत्र

१० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये संपादकांना आलेलं एक पत्र छापलं गेलं. लिहिणारे होते बोस्टनचे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. त्यांच्याकडे रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना निदान एकदा तरी अफूवर्गीय औषध मिळालं होतं. आधी व्यसन नसलेल्या रुग्णांत, बऱ्यापैकी नोंद असलेली व्यसनाची प्रकरणं निघाली फक्त चार. निष्कर्ष असा की व्यसन क्वचितच लागतं. सगळं पत्र मिळून पाच वाक्यं.

४ ला ११,८८२ ने भागा. साधारण तीन हजारांत एक.

आता आपले प्रश्न लावू. कोणावर? रुग्णालयातल्या खाटेवरच्या रुग्णांवर, जिथे गोळी नर्सच्या हातून मिळते. किती काळ? ते पत्रात नाही. एकच डोस मिळालेला रुग्णही छेदात धरलेला आहे, आणि घरी गेल्यावर त्याचं काय झालं याचा उल्लेख नाही. कशाच्या तुलनेत? तुलनेचा गटच नाही. काय मोजलं? नोंदवहीत व्यसन म्हणून लिहिलेलं काहीतरी. व्यसन कशाला म्हटलं, ते पत्र सांगत नाही.

आत्याच्या प्रश्नाशी हे जुळवून बघा. ती घरी आहे, गोळी स्वतः घेते, महिनोन्‌महिने घेते. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्या परिस्थितीशी जुळत नाही.

पत्राला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. पत्र म्हणून ते ठीकच होतं. हातात असलेल्या नोंदींतून एक छोटं निरीक्षण त्यांनी कळवलं, तेही लहान जागेत. बिघडलं ते पुढे, इतरांनी सायटेशन देताना. २०१७ साली कॅनडातल्या पामेला ल्युंग, डेव्हिड जुरलिंक आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात या पत्राचा माग काढला. त्यांना ६०८ सायटेशन सापडली. त्यांपैकी ७२ टक्के लेखांनी हे पत्र ‘ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि जवळजवळ ८१ टक्के लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलंच नव्हतं. म्हणजे अंश सगळ्यांनी उचलला, छेद वाटेत सांडला. ऑक्सिकॉन्टिन हे दीर्घकाळ परिणाम करणारं ऑक्सिकोडोन १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं, त्यानंतर ही सायटेशन ठळकपणे वाढली. २०१७ मध्येच नियतकालिकाने त्या जुन्या पत्राच्या पानावर वाचकांसाठी सूचना लावली की हे पत्र चिकित्सा न करता भरमसाट उद्धृत केलं गेलं आहे.

हे वाचून मी हसले नाही, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी हेच केलं होतं. एका एन्झाइमच्या क्रियाशीलतेचा आकडा मी रिव्ह्यू पेपरमधून उचलला आणि सायटेशन दिलं मूळ पेपरचं, जणू तो वाचलाय. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "मोजमाप किती तापमानाला होतं?" मूळ पेपर उघडला तर २५ अंश. माझा सगळा प्रयोग ३७ अंशांवर. माझ्या चुकीने फक्त एक परिच्छेद गेला. वेदनेच्या औषधांत हीच चूक प्रिस्क्रिप्शनपर्यंत पोहोचते.

इथे एक सावधगिरी. ‘एका पत्रामुळे अमेरिकेत ओपिऑइडची साथ आली’ असं वाक्य आता लेखांत आणि भाषणांत सर्रास येतं, आणि त्याला आधार म्हणून ल्युंग यांचा अभ्यास दिला जातो. पण त्यांनी मोजली सायटेशन. प्रिस्क्रिप्शन किंवा मृत्यू मोजले नाहीत. ते पत्र पुरावा म्हणून वापरलं गेलं एवढं नक्की दिसतं. साथीला औषध कंपन्यांची जाहिरातबाजी होती (ऑक्सिकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला), वेदनेकडे दुर्लक्ष होतंय अशी खरी तक्रार होती, विमा व्यवस्था होती. शिवाय तिथे प्रिस्क्रिप्शनचं प्रमाण २०१२ च्या सुमारास सर्वांत वर जाऊन मग घसरलं, तरी मृत्यू वाढतच राहिले, कारण बेकायदा फेंटानिल आलं. २०२१ या एका वर्षात ओपिऑइडशी संबंधित ८० हजारांहून जास्त मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे. हे सगळं एका पत्राच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे पुन्हा अर्धवट सायटेशनच.

मग दहांत एक कुठून आला?

२०१५ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात केव्हिन व्होल्स आणि सहकाऱ्यांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आला. जुनाट वेदनेसाठी ओपिऑइड घेणाऱ्यांवरचे ३८ अभ्यास त्यांनी एकत्र केले. सरासरी निघाली: औषधाचा गैरवापर २१ ते २९ टक्के, व्यसन ८ ते १२ टक्के. हाच तो दहांत एक.

हा आकडा आत्याच्या जास्त जवळचा आहे, यात शंका नाही. इथले रुग्ण जुनाट दुखण्याचे, घरी गोळी घेणारे. पण त्याच पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी बातम्यांत येत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतलं समस्याग्रस्त वापराचं प्रमाण एक टक्क्याहून कमीपासून ८१ टक्क्यांपर्यंत पसरलेलं आहे! ज्या सरासरीच्या मागे एवढा पसारा असतो, ती वाचताना थांबायला हवं. पसारा का आहे, हे कळल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

बराचसा पसारा व्याख्येतून येतो. आपण बोलताना ‘सवय’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, सहनशीलता. मेंदूतले म्यू-रिसेप्टर सतत उत्तेजित राहिले की त्यांचा प्रतिसाद मंदावतो, आणि तेवढ्याच आरामासाठी डोस वाढवावा लागतो. दुसरी, शारीरिक अवलंबित्व. औषध अचानक थांबवलं की घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी असा त्रास होतो. काही आठवडे नियमित ओपिऑइड घेतलेल्या बहुतेक कुणालाही हे होऊ शकतं. तिसरी गोष्ट व्यसन: नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधाच्या मागे धावणं, त्यावरचा ताबा सुटणं. पहिल्या दोन गोष्टी असून तिसरी नसणं अगदी शक्य आहे. एखाद्या अभ्यासाने ठरल्यापेक्षा एक गोळी जास्त घेतली यालाही गैरवापर म्हटलं आणि दुसऱ्याने मानसोपचारतज्ज्ञाचं निदान मागितलं, तर दोघांचे आकडे जुळतीलच कसे?

दुसरा मुद्दा बारीक आहे, पण व्हायव्हाला विचारला जातो. ८ ते १२ टक्के हे त्या वेळी औषध घेत असलेल्यांमधलं प्रमाण आहे. त्यात आधीपासून व्यसन असलेलेही येऊ शकतात, आणि ज्यांनी मधेच गोळी सोडून दिली ते गळून गेलेले असतात. म्हणून ‘आज नव्याने गोळी सुरू केली तर व्यसन लागण्याची शक्यता दहा टक्के’ असं वाक्य या पेपरवरून लिहिता येत नाही. प्रिव्हलन्स आणि इन्सिडन्स यांतला फरक पाठ करायला सोपा, वापरताना आपण हमखास विसरतो.

धोका कशाच्या बदल्यात?

धोका एकटा मोजून चालत नाही. आत्या धोका पत्करणार तो काहीतरी मिळावं म्हणून. तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे?

२०१८ मध्ये जेसन बुसे आणि सहकाऱ्यांनी ‘जामा’मध्ये ९६ रँडमाइज्ड ट्रायल एकत्र केल्या, एकूण २६,१६९ रुग्ण. कॅन्सर सोडून इतर जुनाट वेदनांत ओपिऑइडमुळे प्लासिबोच्या तुलनेत दहा सेंटिमीटरच्या वेदनापट्टीवर सरासरी ०.६९ सेंटिमीटर जास्त आराम पडला. रुग्णाला फरक जाणवायला निदान एक सेंटिमीटर लागतो, असं धरलेलं होतं. म्हणजे सरासरीने फरक खरा आहे, पण जाणवण्याइतका नाही.

हे वाचून ‘ओपिऑइड निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्याच विश्लेषणात असंही दिसतं की जाणवण्याइतका आराम मिळालेल्या रुग्णांचं प्रमाण ओपिऑइडच्या गटात सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होतं. सरासरी लहान असण्याचा अर्थ सगळ्यांना थोडा थोडा आराम पडला असा नसतो. काहींना बराच पडतो, पुष्कळांना काहीच नाही. जवळपास प्रत्येक आठ जणांमागे एक जास्तीचा माणूस असा, ज्याला खरोखर बरं वाटलं. तो एक म्हणजे आपणच, असं प्रत्येक रुग्णाला वाटू शकतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता ‘किती काळ’ हा प्रश्न. त्या ट्रायल आठवड्यांच्या किंवा काही महिन्यांच्या होत्या. गुडघा मात्र वर्षानुवर्षं दुखतो. ही उणीव भरायला एरिन क्रेब्स यांनी मिनियापोलिसमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ‘स्पेस’ ही ट्रायल केली (तीही ‘जामा’, २०१८). पाठदुखी किंवा खुब्या-गुडघ्यांच्या संधिवाताचे २४० रुग्ण, दोन गट, पूर्ण बारा महिने. वेदनेमुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच निघाला, दहापैकी ३.४ आणि ३.३. वेदनेची तीव्रता ओपिऑइड गटात ४.०, दुसऱ्या गटात ३.५, म्हणजे ओपिऑइड नसलेला गट किंचित बरा. औषधांचे त्रासदायक परिणाम ओपिऑइड गटात जास्त.

माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात उपयोगी पेपर आहे, कारण त्याने खरा प्रश्न विचारला: गोळी की प्लासिबो असा नव्हे, तर ही गोळी की ती गोळी. दवाखान्यात निवड तशीच असते. पण आवडत्या पेपरलाही चार प्रश्न सोडायचे नाहीत. एक, आधीपासून दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांना या ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं. दोन, रुग्णांना आपण कुठल्या गटात आहोत हे माहीत होतं. तीन, त्यांत स्त्रिया जेमतेम १३ टक्के. आणि चौथी गोष्ट मी मेथड्सचा भाग दुसऱ्यांदा वाचताना सापडली. ज्या गटाला ‘नॉन-ओपिऑइड’ म्हटलंय, त्यात पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या वगैरेंनी भागलं नाही तर शेवटच्या पायरीवर ट्रॅमाडॉल द्यायची मुभा होती!

मी नुसता अॅब्स्ट्रॅक्ट वाचून आत्याला फोन केला असता, तर म्हणाले असते, "संधिवातात ओपिऑइडचा उपयोग नाही असं सिद्ध झालंय, तुझी गोळी निरुपयोगी आहे." आणि तिची गोळी नेमकी दुसऱ्या गटात बसलेली. अर्थात ती गोळी तिथे थोड्याच रुग्णांना दिली गेली, त्यामुळे ‘ट्रॅमाडॉल चांगलं’ असंही यातून निघत नाही. या पेपरकडे तिच्या गोळीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, इतकंच. गटाच्या नावावर जाऊ नका, गटात काय घातलंय ते बघा.

नऊपट म्हणजे किती?

डोसबद्दलचा एक महत्त्वाचा पेपर २०१० चा, केट डन आणि सहकाऱ्यांचा, ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधला. वॉशिंग्टन राज्यातले ९,९४० रुग्ण, जुनाट वेदनेसाठी ओपिऑइड घेणारे. रोज १ ते २० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका डोस घेणाऱ्यांच्या तुलनेत १०० किंवा जास्त घेणाऱ्यांत ओव्हरडोसचा धोका ८.९ पट.

‘नऊपट धोका’ हा मथळा झाला. आता मूळ दर बघा. कमी डोसवाल्यांत वर्षाला ०.२ टक्के, जास्त डोसवाल्यांत १.८ टक्के. म्हणजे हजारांत दोन आणि हजारांत अठरा. दोन्ही सांगणी खरी आहेत. नुसतं ‘नऊपट’ म्हटलं की माणूस घाबरतो, नुसतं ‘दोन टक्क्यांहून कमी’ म्हटलं की निर्धास्त होतो. संशोधकाने दोन्ही एका वाक्यात लिहायला हवं. आणि अठरा हा आकडा लहान मानू नका, कारण तो दर वर्षाचा आहे आणि यातली चूक जिवावर बेतू शकते. या अभ्यासातल्या ५१ ओव्हरडोसपैकी सहा जण दगावले.

यात कन्फाउंडिंगही आहे. मोठा डोस कुणाला मिळतो? ज्याचं दुखणं जास्त, ज्याला सोबत नैराश्य आहे, जो इतर औषधंही घेतो. संशोधकांनी यातल्या काही गोष्टींचा हिशेब धरला, पण निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात सगळा हिशेब कधीच पुरा होत नाही. डोस आणि धोका सोबत वाढतात एवढं ठामपणे म्हणता येतं. एका ठरावीक मिलिग्रॅमला सुरक्षितपणाची सीमा संपते, असं मात्र नाही.

तीच चूक, उलट्या दिशेने

इथून पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण यात चूक करणारे लोक सावध बाजूचे होते.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं होतं की डोस रोज ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका किंवा त्याहून जास्त वाढवणं टाळा, नाहीतर त्यामागचं कारण नीट तपासा. सूचना प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी होत्या. कॅन्सरवरचे उपचार, पॅलिएटिव्ह केअर आणि अखेरच्या दिवसांतले रुग्ण त्यांतून वगळलेले होते.

मग ९० हा आकडा सुटा झाला. विमा कंपन्यांनी, औषधांच्या दुकानांनी, काही राज्यांच्या नियमांनी त्याची कमाल मर्यादा केली. ‘वाढवणं टाळा’ याचं ‘असलेला डोस खाली आणा’ असं झालं. वर्षानुवर्षं एका डोसवर स्थिर असलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसांची औषधं झपाट्याने कमी केली गेली किंवा बंद केली गेली. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी एफडीएने इशारा दिला की ओपिऑइड अचानक थांबवल्याने तीव्र त्रास होतो आणि आत्महत्येचाही धोका असतो. त्याच महिन्यात २०१६ च्या सूचनांच्या लेखकांनीच लिहिलं की आमच्या सूचना चुकीच्या पद्धतीने लावल्या जात आहेत. २०२२ च्या सुधारित सूचनांत मुख्य शिफारशींच्या वाक्यांतून हे ठरावीक मिलिग्रॅमचे आकडे काढून टाकले गेले.

२०२१ मध्ये ‘जामा’त अॅलिसिया अॅग्नोली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मोठ्या, स्थिर डोसवरचे १,१३,६१८ रुग्ण. डोस कमी केल्यानंतरच्या काळात ओव्हरडोस किंवा विथड्रॉवलचे प्रसंग दर १०० व्यक्ती-वर्षांमागे ९.३, आणि डोस कमी न केलेल्या काळात ५.५. मानसिक संकटाचे प्रसंग ७.६ आणि ३.३. (१०० व्यक्ती-वर्षं म्हणजे शंभर माणसांकडे एकेक वर्ष लक्ष ठेवणं.) इथेही कन्फाउंडिंग विचारायचं: डॉक्टरांनी डोस कमी केला तो आधीच काही धोका दिसला म्हणून असेल का? शक्य आहे. हा अभ्यास मला पटतो म्हणून त्याला सूट नाही.

१९८० चं पत्र आणि २०१६ चा ९०, दोन्ही शेजारी ठेवा. एकाने लाखो लोकांना औषध देणं सोपं केलं, दुसऱ्याने काढून घेणं सोपं केलं. दोन्ही वेळा मूळ कागदावर अटी लिहिलेल्या होत्या आणि दोन्ही वेळा वाटेत त्या गळल्या. सुरू न केलेल्या माणसाला गोळी न देणं आणि दहा वर्षं घेणाऱ्याची काढून घेणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

आपल्याकडे आणताना

अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे आणले तर तीच चूक तिसऱ्यांदा होईल. आपल्याकडे अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तरीही वेदनाशमनाची जेवढी गरज आहे, तिच्या सुमारे चार टक्केच ओपिऑइड भारतात उपलब्ध होतात, असा अंदाज २०१७ च्या लॅन्सेट आयोगाने दिला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धास्तीने आणि परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक ठिकाणी मॉर्फिन ठेवणंच बंद झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांसाठी नियम सोपे केले. दुसरीकडे ट्रॅमाडॉल मात्र एप्रिल २०१८ पर्यंत या कायद्याच्या बाहेर होतं.

म्हणून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजोबांना मॉर्फिन नको म्हणणाऱ्या नातेवाइकाने अमेरिकेतल्या साथीचा दाखला दिला, तर त्याला ‘कोणावर?’ हा एकच प्रश्न विचारायचा. जुनाट वेदनेवरच्या अभ्यासांतले ते आकडे बहुतेक कॅन्सर वगळून काढलेले आहेत.

आत्याला काय सांगितलं

शेवटी फोन केला. आकडा सांगितलाच नाही, तिलाच प्रश्न विचारले. किती गोळ्या? रात्री एक, फार दुखलं तर दोन. गेल्या वर्षभरात वाढवावी लागली का? नाही. गोळीने चालणं-फिरणं सुधारतं का? "देवळापर्यंत जाऊन येते गं." आणखी काही घेतेस? इथे ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "झोपेची अर्धी गोळी. ती त्या दुसऱ्या डॉक्टरांनी दिलीय."

नाव विचारलं. निघालं ते बेंझोडायझेपिन गटातलं औषध. ओपिऑइडसोबत ते घेतलं की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकी एफडीएने २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या औषधांवर यासाठी सगळ्यात ठळक इशारा लावायला लावला. मी दोन आठवडे व्यसनाचा आकडा शोधत होते आणि जवळचा धोका तिच्या उशाशी, दुसऱ्या स्ट्रिपमध्ये होता. ‘काय मोजलं’ हा प्रश्न मी सगळ्या पेपरांना विचारला, फक्त तिच्या प्रश्नाला विचारायचा राहिला.

दोन्ही स्ट्रिपा घेऊन ती तिच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करायला सांगितलंय आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत. ट्रॅमाडॉल सध्या चालू आहे, दोन महिन्यांनी परत बघणार आहेत. मला फोनवर म्हणाली, "सगळं खरं, पण व्यसन लागेल का, ते तू सांगितलंच नाहीस."

नाही सांगितलं. तिच्यासारख्या बाईसाठी, तिच्या डोसला, तिच्या काळासाठी काढलेला आकडा मला सापडला नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसची संदर्भसूची उघडा. ज्या पेपरचा आकडा तुम्ही दिलाय पण जो पेपर स्वतः उघडलेला नाही, असा एक शोधा (प्रामाणिकपणे बघितलं तर सापडेल). तो उघडा, थेट मेथड्सवर जा आणि चारही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. मग तुमचं वाक्य पुन्हा वाचा आणि ते तसंच ठेवता येतंय का बघा.